तक्त्यात नसलेली आजी

[दृश्य: बसस्टँडसमोरचा चौक. हॉर्नचे आवाज.]

सकाळचे साडेदहा. बीड जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, आज आठवडी बाजार. अलीकडं बसस्टँड, पलीकडं बाजारतळ, मधून नवा चौपदरी सिमेंट रस्ता. एसटीतून उतरलेलं माणूस इथंच रस्ता ओलांडणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. रस्ता आखणाऱ्याला ते सुचलेलं दिसत नाही.

ही आजी बघा. डोक्यावर मेथीचं गाठोडं, बोटाला नातू. दुभाजक गुडघ्याच्या वर. त्यात फट आहे, पण पार पेट्रोल पंपासमोर, गाड्या वळवायला. मग आजी आधी गाठोडं दुभाजकावर ठेवते, नातवाला उचलते आणि शेवटी स्वतः चढते. तिथं कुणीतरी दोन दगड रचून पायरी केलीय. अख्ख्या चौकात पायी माणसाची सोय तेवढीच.

आता थोडा हिशेब. एका बाजूचे दोन पदर म्हणजे 7 मीटर. पायी माणसाचा वेग साधारण सेकंदाला 1.2 मीटर धरतात, म्हणजे सहा सेकंद. आजीला दहा लागतात. ताशी 50 किलोमीटरनं येणारी गाडी तेवढ्यात जवळपास 140 मीटर कापते. म्हणजे आजीला तेवढ्या लांबचं दिसायला पाहिजे. आणि वळणावर तर ऑटो लागलेत, रसवंतीचा मांडव आहे. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या ऊस ओढणारे ट्रॅक्टर वेगळेच.

फूटपाथ? रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचं मानक किमान 1.8 मीटर मोकळी जागा मागतं. इथं नालीवरच्या फरशा आहेत, त्यावर विजेची डीपी, पानटपरी आणि दुचाक्या. हातगाडेवाल्यांवर खापर फोडणं सोपं असतं. पण त्यांना तरी जागा कुठं ठेवली होती?

मुळात रस्त्याची रुंदी ठरवताना वाहनं मोजतात. कुठलं वाहन किती मोटारींइतकं धरायचं, याचा ग्रामीण रस्त्यांसाठी एक तक्ता आहे. मोटार 1, दुचाकी अर्धा, ट्रक 3, हातगाडी 3, मोठी बैलगाडी 8. पायी माणसाची ओळच या तक्त्यात नाही. आजी बैलगाडीत बसून आली असती, तर बैलांच्या पुण्याईनं का होईना, हिशेबात आली असती.

2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 198-अ आलं. रस्ता मानकाप्रमाणे न बांधल्यामुळे कुणी दगावलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार ठेकेदाराला, यंत्रणेला 1 लाख रुपयांपर्यंत दंड. अपघात झाला की चौकातल्या चहाच्या गाड्यावर मात्र चर्चा दोनच: ड्रायव्हर पिलेला होता का, आणि म्हातारीला एवढी घाई कशाची होती.

[दृश्य: संध्याकाळ. गाड्यांचे दिवे.]

आजी परत निघालीय. गाठोडं रिकामं, हातात शेवेची पुडी. या अंगाला दगड एकच आहे. नातू आधी वर चढतो, दुभाजकावर उभा राहून आजीला हात देतो.

"दमानं गं, आज्जे. ट्रक जाऊ दे."