पोर्टोचा भांडखोर व्यापारी

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्याहून परतलेल्या पाहुण्यांच्या पिशवीत वर काजू असतात, आणि खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली पोर्ट वाईनची बाटली. या 'पोर्ट'चं नाव आलं पोर्तुगालमधल्या पोर्टो शहरावरून. दोउरो नदी तिथे समुद्राला मिळते. आज गोष्ट सांगायची आहे ती या नदीने नेलेल्या, वाईनवर लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्याची, जोसेफ जेम्स फॉरेस्टरची.

वाईनवर आज रकानेच्या रकाने लिहिले जातात. पण दीडदोनशे वर्षांपूर्वी ज्यांनी हे लिखाण सुरू केलं, त्यांची नावं फारशी कुणी घेत नाही. त्याआधीचं इंग्रजी लिखाण बरंचसं डॉक्टरांचं. सर एडवर्ड बॅरी यांचं १७७५ सालचं पुस्तक घ्या, त्यात ग्रीक-रोमन लोक काय पीत होते याची चर्चा जास्त. मग १८१६ मध्ये आंद्रे ज्युलियँ या फ्रेंच वाईन-व्यापाऱ्याने ठाऊक असलेल्या साऱ्या जगातल्या द्राक्षबागांची नोंद एका पुस्तकात केली आणि वाईनची प्रतवारी लावली. १८३३ मध्ये सायरस रेडिंग या इंग्रज पत्रकाराचा ग्रंथ आला. हा फ्रान्समध्ये राहिलेला, बागा हिंडलेला. आपल्या वाचकांच्या लाडक्या पोर्टमध्ये भरमसाट ब्रँडी ओतली जाते, हे त्याने स्पष्ट लिहिलं.

रेडिंगने हे लिहिलं ते बाहेरून. आमचा माणूस धंद्याच्या आतला. जोसेफ जेम्स फॉरेस्टर, जन्म १८०९, इंग्लंडमधल्या हल गावचा. १८३१ मध्ये काकाच्या पेढीत काम करायला पोर्टोला आला. बाकीचे इंग्रज व्यापारी शहरात बसून पिंपं मोजायचे. हा गडी मात्र नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरात जाऊन बसायचा. तिथल्या बागा कशा, तर आपल्याकडे डोंगरउतारावर नाचणीसाठी ताली घालतात ना, तशा दगडी पायऱ्यांवर. जमीन म्हणजे पाटीसारखा सुटणारा खडक. फॉरेस्टर शेतकऱ्यांशी बोलला, चित्रं काढली, आणि अख्ख्या दोउरोचा असा बारीक नकाशा काढला की त्याची वाहवा झाली.

वाहवेच्या आधी मात्र शिव्या खाल्ल्या होत्या. १८४४ मध्ये त्याने पोर्ट वाईनवर एक पुस्तिका काढली, तीही नाव न घालता. (पोर्टोतल्या व्यापाऱ्यांना लेखक ओळखायला कितीसा वेळ लागणार!) त्यात त्याने सांगून टाकलं की रंग यावा म्हणून एल्डरबेरी नावाची काळी फळं घालतात, गोडी यावी म्हणून साखर घालतात, आणि वरून ब्रँडी ओततात. एल्डरबेरीचं दुखणं जुनंच होतं. अठराव्या शतकात पोर्तुगीज सरकारने ती झाडं मुळासकट उपटायचा हुकूम काढला होता. तरी शंभर वर्षांनी तेच चाललेलं. व्यापारी खवळले. आपल्याच ताटात माती कालवतोस म्हणून त्याच्यावर तुटून पडले. हा मागे हटला नाही. १८५२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे जाऊन पुन्हा साक्ष दिली.

त्याच सुमारास दोउरोच्या वेलींवर भुरी आली. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना या पांढऱ्या बुरशीची ओळख मी काय करून द्यावी! फॉरेस्टरने तिच्यावरही अभ्यास करून लिहिलं. १८५५ मध्ये पोर्तुगालने त्याला बॅरन केलं.

आता एक खरं सांगतो. भेसळीबद्दल तो बरोबर होता, ब्रँडीबद्दल हरला. आजची पोर्ट होते ती ब्रँडीमुळेच. रस अर्धा आंबला की ब्रँडी घालतात, यीस्ट मरतं आणि द्राक्षाची साखर वाईनमध्ये राहून जाते. मद्यार्क १९-२० टक्क्यांवर जातो. फॉरेस्टरला हवी होती ती साधी, कोरडी वाईन. लोकांना गोडच आवडली. पण लोकांची आवड बदलता आली नाही म्हणून मी त्याचे गुण कापणार नाही.

१२ मे १८६१. दोउरोच्या वरच्या अंगाला, वालेइरा नावाच्या अरुंद घळीत नदी फार खवळलेली असायची. फॉरेस्टरची होडी तिथेच उलटली. त्याच्या नकाशातलीच ती घळ. सोबत दोना अंतोनिया फेरेइरा होत्या, दोउरोच्या नामांकित बागमालकीण. त्या वाचल्या. त्यांच्या घेरदार झग्याने त्यांना तरंगत ठेवलं आणि फॉरेस्टर कमरेच्या पैशांच्या पट्ट्याने बुडाला, असं तिकडे सांगतात. प्रेत कधीच सापडलं नाही.

१९७० च्या दशकात त्या जागी धरण झालं. खळाळ पाण्याखाली गेला. आता पर्यटकांच्या बोटी तिथून संथ जातात.

नमस्कार.