समुपदेशनातला उपदेश

(आमच्या वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय, 'माझी पार्श्वभूमी आणि माझी उपचारपद्धती'. पद्धतीकडे मी येणार आहे. पण त्याआधी मला एका शब्दाशी भांडायचंय. गेली १२ वर्षं हे भांडण माझ्याच दारावरच्या पाटीशी चाललंय. आज साक्षीदार आयते मिळालेत, तर उरकून घेते.

पाटीवर लिहिलंय 'समुपदेशन केंद्र'. शब्द फोडून बघा. सम्, आणि पुढे उपदेशन. म्हणजे साग्रसंगीत उपदेश! ज्याने कुणी हा शब्द घडवला त्याचा हेतू चांगलाच असणार, पण मी जे करत नाही तेच त्याने माझ्या पाटीवर लिहून ठेवलं. माणसं आत येतात, बसतात आणि म्हणतात, "मॅडम, ह्याला जरा दोन शब्द समजावून सांगा." 'ह्याला' म्हणजे शेजारी बसलेला, पायाच्या अंगठ्याने फरशी कोरणारा बारावीचा मुलगा. आजीपासून क्लासच्या सरांपर्यंत सगळ्यांचे दोन-दोन शब्द त्याचे ऐकून झालेत. बेरीज केली तर ज्ञानकोशाचा एक खंड निघेल. त्यात माझे दोन कुठे घालू? (हशा) ज्यांच्या घरी यंदा बारावी आहे ते आत्ता हसले नाहीत, माझं लक्ष आहे.

आणि आलेल्या माणसाला म्हणायचं काय? 'अशील' म्हटलं की काळा कोट आठवतो. 'क्लायंट' म्हटलं की जाहिरात कंपनी. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४२ सालच्या पुस्तकात 'पेशंट' बाजूला ठेवून 'क्लायंट' हा शब्द धरला, तो विचार करून: समोरचा आजारी आणि मी तेवढी शहाणी, हे धरून चालायचं नाही म्हणून. आपल्याकडे पोचेपर्यंत त्या शब्दाला बिलाचा वास लागला. मी आपली 'आलेला माणूस' म्हणते.

तर पार्श्वभूमी. मी या क्षेत्रात वसुलीच्या वाटेने आले. एका सहकारी बँकेत १४ वर्षं नोकरी केली, त्यातली ६ थकीत कर्जांच्या टेबलावर. बँकेचं नाव घेत नाही, संचालकांपैकी कुणी मागच्या रांगेत असायचं. त्या टेबलावर एक टेम्पोवाले काका यायचे. त्यांची ओळख पटू नये एवढं बदलून सांगते, टेम्पो मात्र खरा आहे. चार हप्ते थकलेले. यायचे, टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे आणि बोलत बसायचे. मुलगा आठ महिने घरी बोलत नाही, टेम्पोवर त्याचंच नाव रंगवलंय, आता त्या नावाकडे बघवत नाही, असं काय काय. मी मान हलवायची आणि टेबलाखाली घड्याळ बघायची. माझ्या कानाला त्यात फक्त हप्ते ऐकू येत होते.

एक दिवस मी कागद ओढला आणि त्यांना सगळं मांडून दिलं. टेम्पो विका, एवढे येतील, कर्ज फिटेल, उरतील त्यात किराणा दुकान टाका. हिशेब बिनचूक होता, आजही मी त्यात चूक काढू शकत नाही. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. महिन्याभरात टेम्पो विकला, कर्ज मिटलं. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. वसुली खात्यात कौतुक म्हणजे काय, हे त्यात राबलेल्यालाच कळेल.

वर्षभराने काका एसटी स्टँडबाहेरच्या रसवंतीत भेटले. मी उत्साहाने विचारलं, "दुकान कसं चाललंय?" म्हणाले, "बंद केलं, ताई." मग ग्लास खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "तुम्ही सांगितलंत म्हणून विकला. मी नसता विकला." चिडले असते तर मी वाद घातला असता. त्यांनी माझ्या रसाचे पैसेसुद्धा दिले.

दुकान बुडालं ते माझ्या सल्ल्याने. चाललं असतं, तरी माझ्याच सल्ल्याने चाललं असतं. म्हणजे त्या माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय त्याच्या हातून काढून घेऊन मी माझ्या नावावर केला होता. शिक्क्यासकट.

त्यानंतर बहिःस्थ एम.ए. केलं, रीतसर प्रशिक्षण घेतलं, नोकरी सोडली. सासूबाई म्हणाल्या, "लोकांची गाऱ्हाणी ऐकायचे पैसे मिळतात होय? मग मी एव्हाना कोट्यधीश व्हायला हवी होते." त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. आमच्याकडे...

चिटणीसांनी चिठ्ठी पाठवलीय. 'दहा मिनिटं'... नाही, चष्मा लावते. 'पाच'. बरं, सासूबाई राहू देत. पद्धत.

माझी पद्धत दोघांची मिळून आहे. पहिल्या दोन बैठका रॉजर्सच्या. म्हणजे ऐकायचं, न्याय करायचा नाही, आणि ऐकल्याचं सोंग आणायचं नाही. सोंग त्यांना दिसतं. काकांनाही माझं घड्याळ दिसत असणार.

नंतर अल्बर्ट एलिस. न्यूयॉर्कचा माणूस, आधी मनोविश्लेषण करायचा, ते सोडून १९५५ साली त्याने विवेकनिष्ठ उपचार सुरू केले. तरुणपणी बायकांशी बोलायला भयंकर घाबरायचा. १९ वर्षांचा असताना ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात जाऊन बाकावर बसलेल्या शंभरावर अनोळखी स्त्रियांशी बोलायचंच, असा त्याने नेम केला. ही हकिकत त्याने स्वतःच सांगितलीय. एकीने भेटायचं कबूल केलं, आणि ती आली नाही. पण आभाळ कोसळलं नाही, आणि भीती गेली. तुम्ही हे इथल्या बागेत करू नका, पोलीस बोलावतील.

त्याचं सूत्र एका दमात सांगते. घटना घडते, तिच्याबद्दल आपण स्वतःशी काही म्हणतो, आणि त्या म्हणण्यातून त्रास होतो. एपिक्टेटस नावाचा ग्रीक तत्त्ववेत्ता हे फार पूर्वी सांगून गेला. एलिसने ते दवाखान्यात आणलं. त्याच्या मते सगळ्यात घातक म्हणजे आपला हट्ट. इंग्रजीत त्याला अख्खा शब्द लागतो, मराठीत एका अक्षरात भागतं: 'च'. 'मला नव्वद टक्के मिळावेत' ही इच्छा झाली. 'मिळालेच पाहिजेत' म्हटलं की झोप उडते. 'सुनेने विचारावं' आणि 'विचारलंच पाहिजे' यांच्यामधल्या जागेत माझी निम्मी प्रॅक्टिस आहे. तो 'च' मी काढत नाही. प्रश्न विचारते, आणि आलेला माणूस स्वतः तो शोधतो. घरी अभ्यास देते: दिवसभरातले 'च' वहीत लिहून आणा. बारावीच्या त्या मुलाने पाच पानं आणली होती. त्यातले साडेतीन पानं 'च' त्याच्या बाबांचे होते.

एक मात्र घाईत सुटायला नको. कित्येक रात्री झोपच नाही, कानात आवाज येतायत, जीव द्यावासा वाटतोय, अशा वेळी नुसतं बोलणं पुरत नाही. मी औषध लिहू शकत नाही. मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते, आणि पाठवल्यावर सोडून देत नाही. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा दिवसरात्र चालते, १४४१६ वर, मराठीतही. लिहून घ्या, चिटणीस थांबतील तेवढं.

आणि पाटी. मागच्या दिवाळीला रंगारी आला होता. मी म्हटलं, यातला 'उपदेश' तेवढा पुसता येईल का? त्याने बोटाने अक्षरं झाकून बघितली. म्हणाला, "येईल की. पण मग 'सम्न' उरतंय, मॅडम. लोक समन्स समजून कोर्टाचे कागद घेऊन येतील." तेव्हा तूर्तास पाटी आहे तशीच आहे. चहा गार होतोय, उठू या.