ड्रायव्हरचं हेडर कॉपी करू नका, बिल्डकडून मागून घ्या

‘इनॲप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस.’ हा एरर ज्यांनी पाहिलाय, त्यांच्या कपाळावर आत्ताच आठी पडली असेल. (आयऑक्टल म्हणजे ॲपनं ड्रायव्हरकडे, म्हणजे डिव्हाइस चालवणाऱ्या लिनक्स कर्नलमधल्या कोडकडे, नंबर देऊन केलेली मागणी.) ड्रायव्हर लोड झालाय, डिव्हाइस नोड दिसतोय, परवानग्या ठीक आहेत, आणि तरी ॲप हटून बसलंय. या एररचं नाव ईएनओटीटीवाय. पूर्वी त्याचा संदेश ‘नॉट अ टाइपरायटर’ असा यायचा. घ्या आता, लावा अर्थ!

मी यात दोन दिवस घालवले होते. सेन्सरचा ड्रायव्हर आमचा, ॲपही आमचंच. स्ट्रक्ट (दोघांमध्ये जाणाऱ्या डेटाचा साचा) आणि आयऑक्टल नंबर ज्या हेडरमध्ये, म्हणजे दोघांनी वाचायच्या व्याख्यांच्या फाइलमध्ये, होते, ती फाइल कुणीतरी उचलून ॲपच्या फोल्डरमध्ये ठेवली होती. कुणीतरी म्हणजे मीच. पुढे ड्रायव्हरमध्ये एक फील्ड वाढलं आणि ॲपमधली कॉपी जुनीच राहिली.

एक फील्ड वाढल्यानं एवढं काय बिघडतं? हिशोब बघा. आयऑक्टलचा नंबर ३२ बिटांचा. एआरएम आणि एक्स८६ वर सगळ्यात वरचे २ बिट दिशेचे, मग १४ बिट स्ट्रक्टच्या आकाराचे, मग ८ टाइपचे आणि शेवटचे ८ क्रमांकाचे. टाइप स्मॉल ‘के’ (हेक्समध्ये ६बी), क्रमांक १, स्ट्रक्ट १२ बाइटचं, राइट मॅक्रो (दिशा ॲपकडून ड्रायव्हरकडे) वापरला, तर हेक्समध्ये नंबर येतो ४००सी६बी०१. स्ट्रक्ट १६ बाइटचं झालं की तोच नंबर ४०१०६बी०१. ॲप जुना नंबर पाठवतंय, ड्रायव्हरच्या स्विचमध्ये तशी केसच नाही. तो बिचारा ईएनओटीटीवाय परत करणार.

आणि खरं सांगू? हा एरर आला हे माझं नशीब. फील्ड वाढवण्याऐवजी नुसती दोन फील्डची अदलाबदल झाली असती, तर आकार तोच, नंबर तोच, आणि एररही नाही. सॅम्पल रेटच्या जागी चॅनेल नंबर गेला असता आणि मी सेन्सरला शिव्या देत बसलो असतो.

मग हेडर ॲपपर्यंत न्यायचं कसं? पहिला मोह असतो इन्क्लूड पाथमध्ये (कंपायलर हेडर्स शोधतो त्या जागांच्या यादीत) थेट कर्नल सोर्सचं फोल्डर देण्याचा. देऊ नका. तिथली बहुतेक हेडर्स कर्नलच्या आतल्या वापराची आहेत. सी लायब्ररीच्या टाइप्सशी ती भांडतात आणि री-डेफिनिशनचे एरर पानभर येतात. बाहेरच्यांसाठीची हेडर्स २०१२ मध्ये, ३.७ कर्नलपासून, ‘यूएपीआय’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये काढली आहेत. ‘मेक हेडर्स इन्स्टॉल’ ती साफसूफ करून बाहेर देतं.

दुसरा मोह योक्टोवाल्यांचा (योक्टो म्हणजे बोर्डासाठी अख्खी लिनक्स इमेज बांधणारं साधन): लिनक्स-लिबसी-हेडर्सच्या रेसिपीत, म्हणजे ते पॅकेज कसं बांधायचं हे सांगणाऱ्या फाइलीत, आपलं हेडर पॅचनं घुसवायचं. त्या रेसिपीतच मोठी कॉमेंट आहे, तिचा मथितार्थ ‘कृपया हात लावू नका’. सी लायब्ररी त्या हेडर्सवर बांधली जाते आणि तिच्यावर बाकी सगळं. एका स्ट्रक्टसाठी जवळजवळ अख्खी इमेज पुन्हा बिल्ड होणार. वर ती हेडर्स एका बोर्डापुरती नसतात, त्याच आर्किटेक्चरचे इतर बोर्डही तीच वापरतात.

मी करतो ते असं. हेडरची एक छोटी स्वतंत्र रेसिपी. तिचं काम एकच, ती फाइल इन्क्लूड फोल्डरमध्ये इन्स्टॉल करणं. ड्रायव्हरच्या आणि ॲपच्या, दोन्ही रेसिपींत डिपेंड्समध्ये (आधी काय बांधून हवं त्या यादीत) तिचं नाव. मग योक्टो ती फाइल दोघांच्या सिसरूटमध्ये (बिल्डला लागणाऱ्या हेडर्स-लायब्ररींच्या फोल्डरमध्ये) ठेवतो. ॲपला ती आपोआप सापडते, पण कर्नलचा मेकफाइल सिसरूटमध्ये बघत नाही, म्हणून ड्रायव्हरला तो पाथ हातानं द्यावा लागतो. हेडर ड्रायव्हरच्याच रेसिपीतून इन्स्टॉल केलं तरी चालतं, पण मग कर्नल बदलला की ड्रायव्हर आणि त्याच्या मागोमाग ॲपही पुन्हा बिल्ड होतं, हेडरला धक्का लागला नसला तरी.

इथे एक खड्डा आहे. हेडर डेव्ह (डेव्हलपमेंटच्या) पॅकेजमध्ये जातं आणि मुख्य पॅकेज रिकामं राहतं. योक्टो रिकामं पॅकेज बनवतच नाही, पण डेव्ह पॅकेज त्यालाच शोधत असतं. इमेज बिनबोभाट होते, एसडीके (ॲप लिहिणाऱ्यांना द्यायचा टूलसंच) बनवताना मात्र सगळं अडतं. रेसिपीत ‘अलाऊ एम्प्टी’ची एक ओळ टाका, सुटलात.

बिल्डरूटमध्ये, म्हणजे योक्टोसारख्याच दुसऱ्या साधनात, त्याच पॅकेजला ‘इन्स्टॉल स्टेजिंग’ येस करायचं आणि ॲपच्या डिपेंडन्सीजमध्ये ते नोंदवायचं. फक्त एक लक्षात असू द्या: योक्टो हॅश बघून ॲप आपणहून पुन्हा बिल्ड करतो, बिल्डरूट करत नाही. हेडर बदललं की ॲपचं रीबिल्ड हातानं मारायचं.

आता फाइल उघडू. लाँग नको, पॉइंटर नको. ३२ बिटांच्या एआरएमवर लाँग ४ बाइटचा, ६४ वर ८ चा. डबल-अंडरस्कोर यू३२, यू६४ असे ठरलेल्या रुंदीचेच टाइप वापरा. आणि स्ट्रक्टच्या खाली स्टॅटिक असर्ट (कंपाइल होतानाच तपासली जाणारी अट): आकार १२, अमुक फील्ड ४ थ्या बाइटवर. मघाची ती अदलाबदल आता कंपाइललाच पकडली जाते.

राहिला प्रश्न आधीच बाहेर गेलेल्या बोर्डांचा, जिथे कर्नल अपडेट होईल पण ॲप जुनंच राहील. तिथे क्रमांक १ च्या स्ट्रक्टला हातच लावायचा नाही. नवं स्ट्रक्ट, क्रमांक २, आणि ड्रायव्हरमध्ये दोन्ही केस शेजारी शेजारी.