भरतीचं वेळापत्रक कोण ठरवतं?

[दृश्य: ओहोटीने उघडी पडलेली खाडी, चिखलात कलंडलेल्या होड्या]

चंद्र पाणी ओढतो आणि भरती येते, हे शाळेत सगळेच शिकतात. मग भरती दिवसातून एकदाच यायला हवी. बहुतेक किनाऱ्यांवर ती दोनदा येते. ही दुसरी कुठून आली?

चंद्राची ओढ अंतरागणिक कमी होत जाते. त्याच्या समोरच्या समुद्राला ती पृथ्वीच्या केंद्रापेक्षा जास्त बसते, पलीकडच्या समुद्राला कमी. म्हणून अलीकडचं पाणी पुढे झेपावतं, पलीकडचं मागे रेंगाळतं, आणि फुगवटे दोन होतात. पृथ्वीची स्वतःभोवती एक फेरी होईतो चंद्रही थोडा पुढे सरकतो. त्यामुळे दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात आणि आजची सकाळची भरती उद्या सुमारे 50 मिनिटं उशिरा येते.

सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत येतात तेव्हा उधाण. तेही बऱ्याचदा एक-दोन दिवस उशिरा. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ एकमेकींना काटकोनात पडते, तेव्हा भांगाची, म्हणजे कमी चढउताराची भरती.

[दृश्य: जगाचा नकाशा]

इथवर गणित सुटसुटीत आहे. खरा समुद्र मात्र त्याला फारसा जुमानत नाही. वाटेत खंडं आडवी येतात, तळ उथळ होतो, पाणी आपापल्या खोऱ्यात हिंदकळत राहतं. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात हे हिंदकळणं भरतीच्या लयीशी जवळजवळ जुळतं. झोक्याला नेमक्या क्षणी धक्का मिळावा, तसं! तिथे भरती-ओहोटीतला फरक 16 मीटरपर्यंत जातो. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी तो जाणवतही नाही. मेक्सिकोच्या आखातात तर बऱ्याच किनाऱ्यांवर दिवसाला भरती एकच.

म्हणजे नुसता चंद्र पाहून बंदराची वेळ सांगता येत नाही. त्या बंदरातली पातळी आधी मोजावी लागते, मग तिच्यातल्या वेगवेगळ्या लयी सुट्या कराव्या लागतात. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेलेले विल्यम थॉमसन यांनी 1870 च्या दशकात यासाठी यंत्रच बनवलं. प्रत्येक लयीला एक कप्पी; सगळ्यांवरून ओवलेली एकच दोरी बेरीज करायची आणि पेन पुढच्या भरत्यांचा आलेख काढायचं. दुसऱ्या महायुद्धात, जून 1944 मध्ये, फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांच्या फौजा उतरवण्यासाठी ब्रिटिश भरतीतज्ज्ञ आर्थर डूडसन यांनी अशाच यंत्रांवर पाण्याच्या वेळा काढल्या होत्या.

[दृश्य: चढत्या पाण्यात बुडत जाणारे खडक]

भरती-ओहोटीच्या तक्त्यात दिसतात त्या फक्त दोन टोकांच्या वेळा. मधल्या सहा तासांत पाणी एका वेगाने चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम बारावा हिस्सा, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून जवळपास निम्मं. खडकांवर माणसं अडकतात ती बहुधा याच हिशेबात.

आणि हवा? तिचा दाब एक मिलिबारने उतरला की पाणी अंदाजे एक सेंटिमीटर वर येतं. वादळात वारा त्यात आणखी पाणी किनाऱ्याकडे लोटतो. महिनोन्महिने आधी छापलेल्या तक्त्यात यातलं काहीच नसतं.