३९ वर्षांनी मिळालेला पहिला क्रमांक

श्रोतेहो, नमस्कार.

नाताळच्या आठवड्यात खपाच्या यादीत कोणते गाणे पहिले येते, याकडे दरवर्षी सगळ्या ब्रिटनचे लक्ष लागलेले असते. ही यादी नोव्हेंबर १९५२ मध्ये सुरू झाली आणि त्या वर्षीचा मान अल मार्टिनो यांच्या प्रेमगीताला मिळाला. नाताळाशी त्या गाण्याचा काही संबंध नव्हता. नाताळावरचेच गाणे नाताळात पहिले आले ते १९५५ मध्ये, डिकी व्हॅलेंटाइन यांचे. पुढे १९५७ मध्ये हॅरी बेलाफॉन्टे आणि १९७३ मध्ये स्लेड हा वाद्यवृंद यांनी तो मान मिळवला. परंतु मला आज सांगायची आहे ती दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या एका गाण्याची हकिकत.

१९८४ साली व्हॅम या ब्रिटिश संगीतजोडीतील जॉर्ज मायकल आणि त्यांचे शाळेपासूनचे मित्र अँड्र्यू रिजली हे जॉर्ज यांच्या आईवडिलांच्या घरी दूरचित्रवाणी पाहत बसले होते. जॉर्ज एकाएकी उठले, माडीवरच्या आपल्या जुन्या खोलीत गेले आणि तासाभराने ‘लास्ट ख्रिसमस’ची सुरावट घेऊनच खाली आले. ध्वनिमुद्रण झाले ऑगस्ट महिन्यात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. ध्वनिमुद्रक ख्रिस पोर्टर होते आणि लंडनच्या त्या ध्वनिमुद्रणगृहात नाताळची सजावट टांगलेली होती. सगळी वाद्ये एकवीस वर्षांच्या जॉर्ज यांनी स्वतः वाजवली. (गायक आणि संगीतकार यांच्याबरोबर ध्वनिमुद्रकाचे नावही निवेदकाने सांगितलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे, कारण आपण ऐकतो तो आवाज त्याच्या हातून आपल्यापर्यंत आलेला असतो.)

मग २५ नोव्हेंबरला इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी बॉब गेल्डॉफ आणि मिज युअर या संगीतकारांनी अनेक गायकांना लंडनमध्ये एकत्र आणून एक गाणे मुद्रित केले. त्या गायकांत जॉर्ज मायकलही होते. नाताळात तेच गाणे पहिले आले आणि ‘लास्ट ख्रिसमस’ दुसरे. म्हणजे श्रोतेहो, जॉर्ज यांच्या गाण्याला मागे टाकले ते ज्यात त्यांचाच आवाज होता, त्या गाण्याने. ‘लास्ट ख्रिसमस’च्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या, तरी क्रमांक दुसराच; आणि त्याचे मानधनही व्हॅमने इथिओपियालाच दिले.

त्या काळी तबकडी विकत घेतली की तिची नोंद एकदाच होई. पुढे ती घरात दर डिसेंबरला वाजत असली, तरी यादीला त्याचा पत्ता नसे. २०१४ पासून विक्रीबरोबर इंटरनेटवरचे ऐकणेही मोजले जाऊ लागले आणि दर डिसेंबरचे ते ऐकणे प्रथमच हिशेबात आले. जानेवारी २०२१ मध्ये ‘लास्ट ख्रिसमस’ पहिल्यांदा अग्रस्थानी पोहोचले. नाताळच्या आठवड्यातला पहिला क्रमांक मात्र त्याला २०२३ मध्ये मिळाला, म्हणजे तब्बल ३९ वर्षांनी, आणि २०२४ मध्ये पुन्हा मिळाला. जॉर्ज मायकल यांना यांतले काहीच पाहता आले नाही. २०१६ साली, नाताळच्याच दिवशी, २५ डिसेंबरला त्यांचे निधन झाले होते.

आता ते गाणे ऐकू या. त्यात घुंगरांचा नाद येईल, तिकडे कान द्या. तो ऑगस्टमधला आहे.