एडी गुरेरो आणि खुर्चीचे ते तीन सेकंद

नमस्कार मंडळी! डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीतल्या डॉमिनिक मिस्टीरिओवर कुठलाही व्हिडिओ टाकला की खाली तुमचं सुरू होतं, "दादा, एडीवर बोला ना." रेसलमेनिया ४१ला, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोला, डॉमिनिकने इंटरकॉन्टिनेन्टल पट्टा घेतला, त्यानंतर तर रोजच. मी टाळत होतो. एडीवर बोलायला बसलो की मला थांबता येत नाही. आज बोलूया.

जुजबी माहिती पटकन सांगतो, ती तुम्हाला ठाऊकच आहे. जन्म १९६७, एल पासो, टेक्सास. वडील गोरी गुरेरो मेक्सिकोतले मोठे मल्ल, एल सान्तोसारख्या दंतकथेचे जोडीदार. थोरले तिन्ही भाऊ रिंगमधले. एडी मेक्सिकोत लढला, जपानमध्ये मुखवटा घालून ब्लॅक टायगर म्हणून लढला, मग ईसीडब्ल्यू, डब्ल्यूसीडब्ल्यू या अमेरिकन कंपन्या आणि २०००च्या जानेवारीत डब्ल्यूडब्ल्यूई, तेव्हाचं डब्ल्यूडब्ल्यूएफ. झालं. आता मुद्द्याकडे.

मुद्दा आहे खुर्चीचा.

रेफ्रीची पाठ वळलेली आहे. एडीच्या हातात लोखंडी खुर्ची. आता हा समोरच्याला हाणणार, असं वाटतं. तो हाणत नाही. खुर्ची जमिनीवर आपटतो, खण्णकन आवाज होतो. खुर्ची समोरच्याकडे फेकतो, तो ती झेलतो. आणि एडी डोकं धरून आडवा. रेफ्री वळून बघतो तर एक जण खुर्ची घेऊन उभा, दुसरा पडलेला. खुर्चीने मारणं नियमात बसत नाही. संपलं, समोरचा बाद!

हल्ली याची जी छोटी क्लिप फिरते ना, तिचा मला मनापासून राग येतो. क्लिप सुरूच होते एडी पडतो तिथून. अहो, पडणं ही शेवटची पायरी आहे! त्याआधीचे तीन सेकंद कापले तर उरतं काय? एक माणूस आडवा झाला, एवढंच.

कमेंटमध्ये एकाने लिहिलं होतं, "यात काय कठीण आहे, कुणीही पडेल." मग क्रम बघा. आधी आवाज, मग फेक, मग पडणं. आवाज कशासाठी? रेफ्रीने मार बघितलेला नाही, पण ऐकलेला असला पाहिजे. आधी पडला आणि आवाज नंतर आला तर डाव फसला. आवाज झाला पण फेकायला उशीर झाला, तर रेफ्री वळतो तेव्हा खुर्ची एडीच्याच हातात. सगळा खेळ अर्ध्या-पाऊण सेकंदाचा.

आता समोरच्याच्या बाजूने बघा. तुमच्या छातीवर कुणी अचानक काही फेकलं तर तुम्ही काय करता? झेलता. हात आपोआप पुढे जातात. एडी माणसाच्या याच सवयीवर डाव टाकायचा. आणि झेलणाऱ्याने "अरे, हे काय?" असा चेहरा केला पाहिजे, तोही अगदी वेळेवर. म्हणजे हा डाव एकट्याचा नाहीच, समोरचाही तितकाच तयारीचा लागतो.

आणि तिसरी बाजू आपली. स्टेडियममधल्या हजारो लोकांनी सगळं बघितलेलं असतं. एकट्या रेफ्रीला माहीत नसतं. तरी कुणी "चीटिंग, चीटिंग" ओरडत नाही, लोक खुशीने उड्या मारतात. एडी आपल्याला कटात सामील करून घ्यायचा. "आम्ही खोटं बोलतो, फसवतो, चोरतो" हे त्याचं आणि पुतण्या चाव्होचं ब्रीद होतं, आणि अख्खं स्टेडियम ते त्यांच्याबरोबर म्हणायचं. खलनायकाचं सगळं सामान घेऊन तो लोकांचा लाडका झाला. असं जमलेले किती जण आहेत, सांगा मला.

रेसलमेनिया २०, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, मार्च २००४. तिथेही हेच, फक्त खुर्चीऐवजी बूट. समोर कर्ट अँगल, त्याचं हत्यार म्हणजे घोटा पिरगाळणं. एडीने बुटाची नाडी गुपचूप सैल केली. आपण बघितली, अँगलने नाही. अँगलने घोटा धरला आणि बूट त्याच्या हातात आला! तो भांबावला तेवढ्यात एडीने त्याला गुंडाळून पिन केलं, म्हणजे खांदे टेकवले.

आता माझी एक आठवण. तेव्हा टेन स्पोर्ट्सवर रॉ आणि स्मॅकडाउन हे डब्ल्यूडब्ल्यूईचे साप्ताहिक शो लागायचे आणि शाळेच्या दप्तरात ट्रम्प कार्डं असायची. त्या खेळात उंची-वजनाला किंमत. एडी ५ फूट ८ इंच, २२० पौंड. त्याचं कार्ड आलं की पोरं हसून उंची विचारायची, कार्ड गेलंच. मला ते फार लागायचं, कारण फेब्रुवारी २००४मध्ये याच माणसाने जवळजवळ तीनशे पौंडांच्या ब्रॉक लेस्नरला पाडून मुख्य पट्टा घेतला होता. शो नो वे आउट, जागा कॅलिफोर्नियातलं काऊ पॅलेस. गोल्डबर्ग हा दुसरा मल्ल मध्येच घुसला होता, मान्य. पण लेस्नर त्यातूनही उठला होता. शेवट एडीनेच केला. पट्ट्यावर डीडीटी, म्हणजे मान काखेत धरून डोकं खाली आपटणं, आणि वरून फ्रॉग स्प्लॅश, म्हणजे रिंगच्या वरच्या दोरावरून झेप घेऊन अंगावर आदळणं. पट्टा घेऊन तो प्रेक्षकांत गेला, तो प्रसंग मी आजही सलग बघू शकत नाही.

माझे आजोबा सांगलीकडचे, तरुणपणी तालमीत घुमलेले. टीव्हीवरची कुस्ती त्यांना बिलकूल मान्य नव्हती. "ठरवून चाललंय रे हे." पण एडी लागला की पेपर बाजूला ठेवायचे. एकदा म्हणाले, "हा पोरगा नीट पडतोय." तालमीतल्या माणसाकडून ही शाबासकी लहान नाही.

बरं, फ्रॉग स्प्लॅश. हा डाव एडीचा असं बरेच जण लिहितात. तो मेक्सिकोतल्या त्याच्या जोडीदाराचा, आर्ट बारचा. नोव्हेंबर १९९४मध्ये लॉस एंजेलिसला दोघं जोडीने एक गाजलेली मॅच लढले आणि त्याच महिन्यात बार गेला. त्याच्या आठवणीसाठी एडीने तो डाव उचलला आणि शेवटपर्यंत जपला. आता तोच डाव एडीच्या आठवणीसाठी मारतात. साशा बँक्सने मारला, ती लहानपणापासून एडीची चाहती. डॉमिनिकचा बाप रे मिस्टीरिओ मारतो. डॉमिनिक तर मारतोच, आणि २००५मध्ये आठ वर्षांच्या याच डॉमिनिकच्या ताब्यासाठी रे आणि एडी समरस्लॅमला शिडी लावून लढले होते. ती कथा होती, पण आज डॉमिनिक "माझा खरा बाप एडी" म्हणतो तेव्हा वीस वर्षांपूर्वीचा धागा अजून ताणलेला दिसतो. मारताना एक बघत जा. एडी हवेत गुडघे-कोपरं आत घेऊन पुन्हा फाकवायचा, आणि आदळल्यावर स्वतःच्याच बरगड्या धरायचा. त्याला स्वतःलाही लागायचं, आणि ते तो लपवत नसे.

काही जण दर वेळी लिहितात, "सगळं स्क्रिप्टेड, मग रडता कशाला?" मॅचचा निकाल ठरलेला असतो, हो. १३ नोव्हेंबर २००५ ठरलेला नव्हता. मिनियापोलिसच्या हॉटेलात चाव्होला एडी निपचित सापडला. वय ३८. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार. व्यसनांनी एकदा नोकरी घालवली होती, त्यातून बाहेर येऊन तो चार वर्षं स्वच्छ राहिला होता, पण शरीराने आधीचा हिशेब ठेवला होता. दुसऱ्या दिवशी लागलेल्या रॉवर सगळे मल्ल एकत्र उभे राहिले, श्रद्धांजलीच्या दहा घंटा वाजल्या, दंडावर काळ्या पट्ट्या होत्या, त्यावर ईजी, एडीची आद्याक्षरं. पुढच्या फेब्रुवारीत कंपनीने वेलनेस पॉलिसी आणली, अमली पदार्थांबरोबर हृदयाचीही तपासणी सुरू झाली. कंपनीतल्या मल्लांच्या या तपासणीमागे एडीचं जाणं आहे. त्याच्या प्रभावाबद्दल बोलताना आपण त्याचा रिंगकडे येतानाचा नाच आणि गाडी सांगतो, हे सांगत नाही.

आता शेवटचं, यासाठीच मी खुर्चीपासून सुरुवात केली. एडीची शेवटची मॅच ११ नोव्हेंबर २००५च्या स्मॅकडाउनवर लागली, मिस्टर केनेडीविरुद्ध. सर्व्हायव्हर सिरीज या शोच्या संघात जागा मिळवायची होती. एडीने खुर्ची केनेडीकडे फेकली आणि स्वतः आडवा झाला. रेफ्रीने बघितलं, केनेडी बाद, एडी जिंकला.

पूर्ण मॅच शोधून बघा. क्लिप नको. खुर्ची त्याच्या हातात असते तिथून बघा.