गोळ्यांची पिशवी उलटी करा

'गोळ्या आणि पुरुषांची लैंगिक ताकद' हा विषय ऐकून आयोजकांनी आज बायकांना बोलावलंच नाही. चूक केलीत. माझ्या दवाखान्यात हा विषय बऱ्याचदा त्याच काढतात.

अक्कलकोट रोडला यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ, पन्नाशीचे. बीपी वरचं १७०. बायकोला पाणी आणायला बाहेर पाठवलं आणि हळूच म्हणाले, "सर, कमजोरी आलीय की." आपल्याकडं कमजोरी म्हणजे थकवा नव्हे, हे मला कळतं आता. म्हटलं, पिशवी उलटी करा. टेबलावर पट्ट्या पडल्या. बीपीच्या पट्टीतली एकही गोळी फोडलेली नाही! मागावर कुणीतरी सांगितलेलं, बीपीच्या गोळीनं माणूस निकामी होतो. तीन महिने गोळी बंद, आणि कमजोरी आहे तशीच.

सांगणारा अगदीच खोटं बोलत नव्हता. लघवी वाढवणाऱ्या थायझाइड गोळ्या, अ‍ॅटेनोलॉलसारखे हृदयाचे ठोके मंदावणारे जुने बीटा ब्लॉकर यांनी काहींची ताठरता कमी होते. टेल्मिसार्टन, लोसार्टननं सहसा तसं होत नाही. म्हणजे गोळी बदलता येते. पण भीतीचा वाटाही मोठा असतो. इटलीतल्या डॉक्टरांनी ९६ हृदयरुग्णांना अ‍ॅटेनोलॉल दिलं. २००३ साली ते छापून आलं. काय देतोय हे ज्यांना सांगितलंच नाही, त्यांच्यात तक्रार सुमारे ३ टक्के. ज्यांना गोळीचं नाव आणि हा दुष्परिणामही सांगितला, त्यांच्यात ३१. गोळी तीच! आता हे ऐकून तुमच्यातल्या काहींना आज रात्री त्रास होईल, त्याला मीच जबाबदार.

तर, त्या पिशवीत दुसरी एक पट्टी होती, जवळजवळ संपलेली. "ती काय औषध आहे का सर, गॅसची आहे ती." कुठल्याशा लग्नातल्या जेवणानंतर मेडिकलमधून घेतली, ती वर्षभर रोज सकाळी चालूच. मी चष्मा लावून बारीक अक्षर वाचलं: राबेप्राझोल, आणि सोबत लेव्होसल्पिराइड. हे दुसरं औषध डोपामाइन या मेंदूतल्या रसायनाला अडवतं, म्हणून प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढतं आणि इच्छाच विझते. कधी पुरुषाची छातीही फुगते. त्यांचं रक्त तपासलं, प्रोलॅक्टिन वाढलेलं निघालं. गॅसची गोळी बंद केली, बीपीची पुन्हा सुरू केली.

बाकीचं भराभर सांगतो. नैराश्यावरच्या एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिननं इच्छा कमी होते, वीर्यपतन लांबतं. पण त्या एकदम सोडल्या तर चक्कर, बेचैनी येते. डॉक्टरला सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं. प्रोस्टेटच्या टॅमसुलोसिननं वीर्य कमी येतं किंवा उलटं मूत्राशयात जातं. त्यात घाबरण्यासारखं नाही. केसांसाठी फिनास्टेराइड घेणाऱ्या पोरांनी इकडं लक्ष द्यावं, त्यानंही काहींची इच्छा कमी होते. आणि शुगरवाल्यांनो, मेटफॉर्मिनला शिव्या घालू नका. नसा आणि रक्तवाहिन्या खराब करते ती शुगर.

एका गोष्टीवर मात्र आवाज चढवतो. छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्यानं सिल्डेनाफिलला, म्हणजे व्हायग्राला, हात लावायचा नाही. बीपी एकदम कोसळतं, जीव जातो. ताकदीच्या 'आयुर्वेदिक' पुड्यांमध्येही हेच औषध गुपचूप मिसळलेलं सापडलेलं आहे. भिंतीवरची जाहिरात वाचून पुडी आणणाऱ्याला ते कळणार कसं?

चला, प्रश्नांच्या चिठ्ठ्या इकडं द्या. स्वतःचं नाव लिहू नका, पण गोळीचं लिहा. मागच्या वेळी सात जणांनी नुसतं 'पांढरी, गोल' एवढंच लिहिलं होतं.